फळीवाल्याचा हात

९ फेब्रुवारी

आज नवी वही काढली. मागची वही शेवटचा दात काढला त्या दिवशी बंद पडली. त्यानंतर माझ्या आयुष्यात लिहिण्याजोगं फारसं घडलं नाही, आणि जे घडलं ते डॉक्टरांनीच लिहून ठेवलं.

पण आज सकाळी कारखान्यातून फोन आला. विमानांच्या कारखान्यातून, जिथे ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून मी अर्धं आयुष्य काढलं. "सर, नव्या लढाऊ विमानाच्या समितीवर तुम्ही हवे आहात. ज्येष्ठ सदस्य म्हणून. अध्यक्षांची खास इच्छा आहे." मी गंभीर आवाजात म्हटलं, "विचार करून कळवतो." फोन ठेवला, चष्मा पुसला, एवढ्यात विचार करून झाला, म्हणून लगेच परत फोन लावला.

नवं विमान म्हणजे काय, तर त्याची चर्चा सुरू झाली तेव्हा माझ्या नातीचे दुधाचे दात पडत होते. आता ती स्वतः हवाई दलात परदेशी बनावटीची लढाऊ विमानं उडवते, आणि नवं विमान अजून कागदावरच आहे. कागदावर मात्र ते फार सुरेख उडतं.

मला बोलावलं त्याला कारण आहे. तसा मी साधा ड्राफ्ट्समन, पण मी मापाचा माणूस. आमचे पहिले मुख्य डिझायनर, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणायचे, त्यांना कॉकपिट आखायला एक माणूस हवा होता. ऑफिसात सगळ्यात सडपातळ मी. मला प्लायवुडवर कुशीवर झोपवलं, हात पुढे करायला सांगितला आणि भोवती पेन्सिल फिरवली. पेन्सिल काखेपाशी आली तेव्हा अशा गुदगुल्या झाल्या की मी हात खांद्यासकट पुढे फेकला आणि खो खो हसलो. "पडून राहा रे गाढवा," साहेब म्हणाले, आणि हसू दाबत रेघ तशीच बोटांपर्यंत नेली. मग सुताराने करवत चालवली, कमरेला-गुडघ्याला बिजागऱ्या लावल्या आणि मी दोन झालो. एक घरी जेवायचा, दुसरा ऑफिसात भिंतीला टेकून उभा. त्याला सगळे 'फळीवाला' म्हणू लागले.

त्यानंतर आमच्याकडे जे जे विमान झालं, त्याचं कॉकपिट फळीवाल्याच्या मापाने झालं. फळीवाला बसला, हात पुढे केला, बोट टेकलं तिथे बटण. पुढे या विमानांचे वैमानिक निवडतानाही फळीवाल्याच्याच हाताचं माप लावायची पद्धत पडली. विमानात न बसणारा माणूस घेऊन करायचं काय?

म्हणजे माझी बोटं गेली कित्येक वर्षं आभाळात आहेत. कवींना याहून जास्त काय मिळतं?

या आनंदात शाळेतलं कवितांचं पुस्तक काढायला कपाटाशी गेलो. वरच्या फळीला हात पोचेना. सूनबाईने सुतार बोलावून कपाट वर घेतलेलं दिसतं. विचारलं तर नाही म्हणते.

१४ फेब्रुवारी

पहिली बैठक. नवी पँट घालून गेलो. शिंप्याने पुन्हा लांब शिवली आहे, टाचेखाली येते. गंमत म्हणजे जुन्या पँटीही लांब झाल्यात. हल्ली कापडच सैल पडतं.

समितीत दोन पक्ष आहेत. एकइंजिनवाले खिडकीच्या बाजूला बसतात, दोनइंजिनवाले भिंतीच्या. चहासुद्धा दोन ट्रेमधून येतो. मी नवखा, म्हणून टोकाला बसलो, तर दोन्ही पक्षांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"एकच इंजिन, आणि ते आभाळात बंद पडलं तर?" भिंतीकडून प्रश्न आला.

"दोन असली तर बंद पडायला दोन जागा होतात," खिडकीकडून उत्तर.

"अहो, पण दुसरं चालू असतं ना!"

"दुसऱ्याचं वजन उचलण्यातच त्याचा जीव जातो. नवरा-बायको दोघं कमावतात आणि सगळं पाळणाघरात भरतात, तसं."

हे बोलणारे गृहस्थ अविवाहित आहेत असं शेजारच्याने मला सांगितलं.

इंजिन परदेशातून यायचं आहे. कोणता परदेश, ते अजून ठरायचं आहे. मग शेपटीचा विषय निघाला. शेपूट असलं तर विमान सरळ उडतं, नसलं तर रडारला दिसत नाही. एक शास्त्रज्ञ उठून म्हणाले, "शत्रूला न दिसणारं विमान हेच आपलं ध्येय आहे." मी शेजारच्याच्या कानात म्हटलं, "ते तर आपण केव्हाच गाठलं. आपलं विमान आत्ता कुणालाच दिसत नाही." तो इतका दचकला की बिस्किट चहात पडलं.

एक तरुण अधिकारी मात्र कुठल्याच पक्षात नाही. त्याचं म्हणणं, विमानात माणूसच नको. शांतपणे बोलतो, हसत हसत. "माणूस हा विमानातला सगळ्यात जुना सुटा भाग आहे. त्याची नवी आवृत्ती निघत नाही." सगळे त्याला 'रिकामी खुर्ची' म्हणतात. मला त्याचा राग आला. कुणी वाचणारच नसेल तर कविता छापायची कशाला?

अध्यक्षांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर्वांचंच बरोबर आहे." बैठक संपली.

जाताना फळीवाल्याला भेटून आलो. लाकडी विमानाच्या शेडमध्ये उभा आहे. पूर्ण आकाराचं विमान लाकडात करून ठेवलंय, रंगसुद्धा दिलाय. हेच उडवावं, निदान हलकं तरी आहे. फळीवाल्याच्या कडा झिजल्यात, पण हात अजून तसाच पुढे. लांबून पाहिलं आणि डोळे भरून आले. काय तो रुबाब!

२२ फेब्रुवारी

नात रजेवर आली. घरात तिला टिटवी म्हणतात. लहानपणी पाय भिंतीला वर लावून झोपायची. आभाळ कोसळलं तर पेलायला टिटवी तशी झोपते म्हणे. अजून तशीच झोपते.

जेवताना ताटातला भात नुसता चिवडत होती. सूनबाई म्हणाली, "सांग की आबांना. त्यांच्याच फळीचा प्रताप आहे."

तेव्हा कळलं. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण करणाऱ्या तुकडीत टिटवीची निवड झाली होती. सगळ्यात जास्त गुण तिचे. मग लाकडी विमानात बसवून पाहिलं, आणि तिचा हात पिवळ्या कडीपर्यंत पोचला नाही. ही कडी म्हणजे काचेचं छत उडवून द्यायची. विमान पेटलं तर आधी ती ओढायची, मग सीटसकट बाहेर.

"आबा, पट्टे आवळले की खांदा सीटला चिकटतो. कडी तिथे, माझी बोटं इथे." तिने टेबलावर चमचा ठेवून दाखवलं. "मी म्हटलं, कडी जरा अलीकडे घ्या. तर म्हणाले, चित्र बदलायला वेळ लागतो, वैमानिक बदलायला लागत नाही."

"मग व्यायाम कर. लोंबकळ. आम्ही झाडाला लोंबकळायचो."

"मी तिशीची झाले, आबा. आता फक्त कान वाढतात."

"मग पाठीला उशी घे."

"उशी चालत नाही. सीट बाहेर फेकली जाते तेव्हा पाठ आणि सीटमध्ये काही मऊ असलं की मणका मोडतो. पहिल्याच दिवशी शिकवतात. मी मागितली तर हसले मला."

मी तिला समजावलं की हे माप काही कुणी उगाच काढलेलं नाही. इतके वैमानिक त्यात बसले, लढले, परत आले. माप म्हणजे वृत्त. आपल्याला सोयीचं नाही म्हणून कुणी वृत्तातलं अक्षर हलवतं का?

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही कधी बसलायत त्यात?"

"मी कशाला बसू? फळीवाला बसतो."

"फळीवाल्याला मणका नसतो, आबा."

अशी उलट उत्तरं देते म्हणूनच पुढे गेली असावी. आणि म्हणूनच अडली असावी. मी तिला पक्ष्याची कविता म्हणून दाखवली, दुसरीतली. ती ऐकता ऐकता झोपली. पाय भिंतीला.

६ मार्च

दुसरी बैठक. एक इंजिन की दोन, हा प्रश्न आज बराच पुढे गेला. आता दोन्ही पक्ष आपापले आकडे एकाच परदेशी मासिकातून वाचतात.

'इतर विषय' या सदरात शेवटी टिटवीचं प्रकरण आलं. नाव नव्हतं. 'एका महिला वैमानिकाची शारीरिक अडचण' असं होतं. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या हवाई दलाला कधी अशी अडचण आली नाही. आपले वैमानिक मुळातच लांब हाताचे. निसर्गाची देणगी आहे ती."

कुणी हसलं नाही. मलाही ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं. घरी येताना बसमध्ये मनात आलं: लांब हाताचेच निवडले, तर लांब हाताचेच असणार ना? पण मग स्टॉप आला.

तर मुद्दा असा, की मी तिच्या बाजूने दोन शब्द बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अध्यक्ष माझ्याविषयी बोलू लागले, आणि मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.

महिनाअखेरीस मोठे पाहुणे येणार आहेत, तिजोरी ज्यांच्या हातात आहे ते. त्यांना लाकडी विमान दाखवायचं. त्यानंतर कॉकपिटचा आराखडा गोठवायचा. गोठवला म्हणजे पुढे विमान म्हातारं होईपर्यंत कडी तिथेच राहणार. "आणि त्या दिवशी," अध्यक्ष म्हणाले, "कॉकपिटमध्ये कोण बसेल? ज्यांच्या देहावर आपली सगळी विमानं बेतली, ते स्वतः! ते कडीला हात घालतील आणि सगळ्या शंका मिटतील."

टाळ्या दोन्ही बाजूंनी वाजल्या. खिडकी आणि भिंत पहिल्यांदाच एकमताने. रिकाम्या खुर्चीनेसुद्धा वाजवल्या, जरा जास्तच हसत.

मी उभा राहून नम्रपणे मान लववली. काय करणार? देह आपला असला तरी शेवटी देशाचा.

७ मार्च

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "वा!" आणि बातम्यांचा आवाज वाढवला. सूनबाई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आबा, आधी कपाटावरचं पुस्तक काढून दाखवा. मग विमानात बसा."

"कपाट तू वर घेतलंयस."

"कपाट आहे तिथेच आहे."

हल्ली ती कोड्यात बोलते. मुलीवरून रागावली आहे, तो राग कपाटावर काढते. टिटवीला कामावर फोन केला, तर तिने उचलला नाही.

१९ मार्च

आज रंगीत तालीम.

शिडी चढताना एकाने मागून धरलं, दुसऱ्याने वरून ओढलं. ज्या कॉकपिटचा मी देह, त्यात मला पोत्यासारखं सोडलं. आत बसलो आणि अंगावर काटा आला. सगळी बटणं माझ्याकडे बघत होती. जन्मभर ज्यांना कागदावर पाहिलं, ती समोर. मला शाळेतला फळा आठवला, गुरुजी डस्टरने लघु-गुरू वाजवायचे ते आठवलं. एवढ्यात पट्टे आवळले गेले आणि आठवणी दबल्या.

"घाला हात कडीला," अध्यक्ष खालून म्हणाले.

मी हात पुढे केला. कडी पुढे होती. मी आणखी पुढे केला. कडी होती तिथेच राहिली, पण मी तिथे नव्हतो. बोटं हवेतच राहिली, टिटवीच्या चमच्याएवढ्या अंतरावर, किंबहुना थोडी जास्तच.

"कडी अजून नीट बसवलेली दिसत नाही," मी म्हणालो.

खाली कुजबुज झाली. मग एक जण शिडीवरून आला, अत्यंत अदबीने पट्टे सैल केले आणि माझ्या पाठीमागे एक छानशी उशी सरकवली. जाडजूड, विमानाच्याच रंगाच्या कापडाची. खास शिवून घेतलेली. पट्टे पुन्हा आवळले. हात घातला, आणि कडी मुठीत!

"वा, वा," अध्यक्ष म्हणाले. "मापाला माप!"

वयाचा मान राखतात म्हणून बरं वाटलं. पाठही शेकल्यासारखी झाली.

संध्याकाळी टिटवीचा फोन आला. तालमीचं सांगितलं. कडीपाशी आलो तशी तिने अडवलं.

"उशी? तुम्हाला उशी दिली?"

"वयाचा मान गं."

तिने उशी किती जाड ते विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "छान, आबा. पाहुणे आले की नीट ओढा कडी," आणि ठेवला.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च

काल झोप धड लागली नाही, म्हणून आज कुणी बोलावलं नसताना कारखान्यात गेलो. शेडमध्ये सुतार एकटाच रंधा मारत होता. मी म्हटलं, "मला फळीवाल्याशेजारी जरा उभं राहू दे."

"फोटो काढायचाय?"

"नाही. नुसतं उभं राहायचंय."

उभा राहिलो. मला त्याच्या खांद्यावर हात टाकायचा होता, जुन्या मित्रासारखा. टाकता येईना. त्याचा खांदा माझ्या कानाशी येत होता.

मी पाय जुळवले, पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली. खांदा कानाशीच. सुतार रंधा थांबवून बघत होता. भला माणूस आहे, तो एवढंच म्हणाला, "लाकूड फुगतं हो ओलीने."

लाकूड! शिंप्याला शिव्या दिल्या, कापडाला दिल्या, सूनबाईवर आळ घेतला. कपाट आहे तिथेच आहे. पँटी आहेत तेवढ्याच आहेत. मी मात्र भिंतीवर घासलेल्या खडूसारखा रोज थोडा थोडा जात होतो, आणि घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

२३ मार्च

मनाशी हिशेब मांडत बसलोय आणि तो जुळत नाही.

उशी लावून बसलो, कडी ओढली, तर टाळ्या. आराखडा गोठणार. फळीवाल्याचं सिंहासन पक्कं. आणि टिटवी कायमची बाहेर, कारण आजोबांचा हात या वयात पोचतो तिथे हिचा पोचत नाही म्हणजे दोष हिचाच. चोख पुरावा म्हणून माझं नाव लागेल.

उशी नको म्हटलं, तर पाहुण्यांसमोर हसू. बरं, हसू झालं म्हणून कडी अलीकडे येईलच असंही नाही. रिकामी खुर्ची टपून बसलाय. तो म्हणेल, बघा, माणूस बसतच नाही, काढून टाका माणूस. मग टिटवीही नाही, फळीवालाही नाही आणि मीही नाही. आभाळात नुसता पत्रा.

आणि खरं सांगायचं तर, वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला कडी ओढायची आहे. फार ओढायची आहे. एकदाच. सगळ्यांसमोर.

२६ मार्च

झालं एकदाचं.

पाहुणे आले, पाच गाड्या आणि त्यांच्यापुढे शिट्टी. शेडमध्ये लाल जाजम होतं. दोन्ही पक्ष आज एकाच ट्रेमधून चहा पीत होते. वैमानिकांची रांग उभी होती, सगळे लांब हातांचे, आणि टोकाला टिटवी. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बरोबर माझ्या डोक्यावरून बघत होती, जे आता सोपं आहे.

मला चढवलं, बसवलं. उशी आधीच ठेवलेली होती. पट्टे आवळले. खाली अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. फळीवाल्यावर टाकलेलं कापड ओढलं गेलं, कॅमेरे चमकले. "मित्रांनो, हाच तो देह! आणि तो पाहा, तोच देह, आजही तितकाच समर्थ!"

सगळे इकडून तिकडे बघू लागले. फळीवाल्याकडे, मग माझ्याकडे, मग परत फळीवाल्याकडे. एका पाहुण्याच्या भुवया वर गेल्या. मला वर्गातल्या बाकावर उभं केल्यासारखं झालं.

"आता सर कडीला हात घालतील!"

कडी समोर होती. पिवळी, चकचकीत. उशीने मला अगदी तिच्या तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. मी हात उचलला, बोटं तिला लागली. गार होती. एक क्षणभर मी खरंच आभाळात होतो.

मग नजर टिटवीवर गेली. आता ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. लहानपणी मी कविता म्हणायचो आणि मधली ओळ विसरायचो, तेव्हा जशी बघायची तशी. ओळ तिला पाठ असायची, पण ती सांगायची नाही.

मी हात मागे घेतला. "पट्टे सोडा," म्हणालो.

"सर?" शिडीवरचा मुलगा घाबरला.

"सोड रे बाबा. लघवीला नाही जायचं मला."

पट्टे सुटले. मी पाठीमागे हात घातला, उशी ओढून काढली आणि कॉकपिटच्या बाहेर टाकली. ती नेमकी जाजमावर पडली, पाहुण्यांच्या बुटांशी. जरा उडाली आणि बसली. आमच्या समितीने आजवर केलेलं पहिलं यशस्वी उड्डाण.

"आता आवळा," मी म्हणालो.

पट्टे आवळले. मी हात पुढे केला. जितका होता तितका केला. आणि तसाच धरून ठेवला, सगळ्यांना अंतर नीट दिसेपर्यंत.

अध्यक्ष शिडीपाशी येऊन दात आवळून म्हणाले, "ताणा ना जरा."

"जेवढा आहे तेवढा ताणलाय, साहेब."

"मग उशी का काढली?"

"उशीने मणका मोडतो. पहिल्याच दिवशी शिकवतात," मी मोठ्याने म्हणालो. "त्या टोकाच्या मुलीला तुम्ही हेच सांगून घरी पाठवलंत. तिला नाही, तर मला कशी? माझा मणका काय सरकारी आहे?"

ज्यांच्या भुवया वर गेल्या होत्या, त्या पाहुण्यांनी उशी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ही विमानाचा भाग आहे का?"

एकइंजिनवाल्यांनी दोनइंजिनवाल्यांकडे पाहिलं. रिकामी खुर्ची हळूच म्हणाला, "मी म्हणतच होतो, माणूसच..." पाहुण्यांनी त्याच्या हातात उशी दिली आणि टोकाच्या टिटवीकडे बोट केलं. "तुम्ही बसा. उशीशिवाय."

मला उतरवलं. चढताना दोघं लागले होते, उतरताना चौघं. टिटवी शिडीवर जाताना माझ्याजवळून गेली आणि ओठ न हलवता म्हणाली, "पँट आवरा, आबा. पायात येईल."

तिचाही हात पोचला नाही. पण माझ्यापेक्षा पुढे गेला. मी बघितलं.

२७ मार्च

अंग दुखतंय. मुलाने आज बातम्यांचा आवाज स्वतःहून कमी केला. सूनबाईने काही न विचारता पँटी खालून दुमडून शिवून दिल्या. चहाही तिने दोनदा दिला, आणि दुसऱ्यांदा साखर घातली, जी मला मना आहे.

पडल्या पडल्या दोन ओळी सुचल्या. भुजंगप्रयात आहे, मोजून पाहिलं:

नभाची किती ओढ वेड्या कुडीला,
परी हात लांबे न लांबे कडीला.

गुरुजी असते तर डस्टर वाजवून म्हणाले असते, बैस.

१८ एप्रिल

समितीचा निर्णय छापून आला. अध्यक्षांची मुलाखतही आहे. त्यात ते म्हणतात, जुन्या मापातल्या त्रुटी जगासमोर आणण्यासाठी त्यांनी स्वतः हे प्रात्यक्षिक योजलं होतं, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यात 'ठरल्याप्रमाणे' साथ दिली. उशीसुद्धा योजनेचाच भाग होती. वाचून मला माझंच कौतुक वाटलं. एवढं ठरलेलं असूनही मी किती साधेपणाने वागलो!

निर्णय पुढीलप्रमाणे. विमानाला एक इंजिन असेल, पण दुसऱ्यासाठी जागा राखून ठेवतील. शेपूट असेल, पण लहान. सीट असेल, पण काढता येण्याजोगी. कुणीही हरलेलं नाही, त्यामुळे विमान कधी उडेल हे सांगणं कठीण आहे.

कॉकपिटचा आराखडा गोठवलेला नाही. नुसता गार ठेवला आहे. कडी हलवणार. त्यासाठी नव्या मापाची माणसं घेणार, लहान चणीपासून मोठ्या चणीपर्यंत, आणि सुरुवात लहान चणीपासून. टिटवी परत तुकडीत आली.

मला समितीवरून सन्मानाने मोकळं केलं, आणि आठवण म्हणून फळीवाला घरी पाठवला. मुलाने गाडीतून आणला. हात मावेना, म्हणून खिडकीबाहेर काढून आणला. वाटेत दोघातिघांनी त्याला हात दाखवला म्हणे. सूनबाई म्हणाली, "हा कुठे ठेवायचा?" जागा एकच होती, कपाटाशेजारी. उभा केला, तर त्याचं बोट बरोबर वरच्या फळीवर, कवितांच्या पुस्तकाला टेकलं. टेकलं एवढंच. काढून देईल तर फळीवाला कसला?

४ मे

टिटवीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आबा, आज मला प्लायवुडवर झोपवलं! सगळी यंत्रं आहेत, लेझर आहे, तरी सुतार म्हणाला, आधी पेन्सिलीने करू, तशी पद्धत आहे."

"कुशीवर?"

"कुशीवर. हात पुढे."

मला ती पेन्सिल आठवली. थोरल्या साहेबांच्या शर्टाला येणारा शाईचा वास, लाकडाचा गारवा, गालाला टोचणारी कुसळं. सगळं कालचं वाटलं. विचारलं, "गुदगुल्या झाल्या का गं?"

"अरे देवा! काखेपाशी तर जीव जायची वेळ. पण मी श्वास रोखून पडून राहिले. जरा हललं की हात लांबतो म्हणाला सुतार, आणि मग सगळं विमानच चुकतं." मग जरा थांबून म्हणाली, "आबा, तुम्ही नव्हतात ना हलला?"

"छे!" मी म्हटलं. "मी फक्त हसलो होतो."

"फक्त हसलात?" तिने विचारलं. मग हसायला लागली. फोन कानापासून लांब धरावा लागला इतकी हसली. मध्येच "आबा, अहो आबा" म्हणायची आणि पुन्हा हसायची. आईला बोलवा म्हणाली, तर मी सूनबाईला फोन दिला. तिने ऐकलं, फळीवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तीही भांड्यांच्या कट्ट्याला टेकून डोळे पुसू लागली.

कशाला ते कुणी सांगेना. पण त्या दोघींना इतक्या दिवसांनी एकत्र हसताना पाहिलं, मग मीही थोडा हसलो.

फळीवाला शेजारी उभा आहे, हात पुढे करून. संध्याकाळच्या उजेडात पाहिलं. काही म्हणा, देखणा हात होता माझा. तसा पुन्हा व्हायचा नाही.